पाव्हण्यांची यादी आणि माझा भक्कम पासवर्ड

आमच्या घरातला कॉम्प्युटर चोरांपासून पूर्ण सुरक्षित होता. त्या शनिवारी सकाळी तो माझ्यापासूनही सुरक्षित असल्याचं माझ्या लक्षात आलं.

पासवर्ड बदलला होता मीच, चार दिवसांपूर्वी. आमच्या शहापुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं. पासवर्डात मोठं अक्षर पाहिजे, आकडा पाहिजे, चिन्ह पाहिजे, आणि तो कुठंही लिहून ठेवायचा नाही. मी पस्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेला माणूस. घरी येऊन १२३४ काढून टाकला आणि सगळ्या अटी पाळणारा एक नवा, भक्कम पासवर्ड घातला. मग चार दिवस यादी छापून ठेवायचा कंटाळा केला.

यादी म्हणजे पाव्हण्यांची. निपाणीच्या आक्काची मुलगी, माझी भाची, हिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे चिक्कोडीचे, कन्नड बोलणारे. पत्रिका दोन्ही भाषांत छापायची होती. दोन्हीकडची नावं, कुणाच्या आधी कोण, कुणापुढं 'श्री' आणि कुणापुढं 'कैलासवासी', हे सगळं जुळवायचं काम आक्कानं माझ्यावर सोपवलं होतं. एक नाव राहिलं तर त्या घरचं कुणी अक्षता टाकायला येत नाही, ही आमच्याकडची रीत. वीस दिवस मी त्यावर बसलो. यादी कॉम्प्युटरवर पक्की झाल्यावर कच्चे कागद आंघोळीच्या बंबात घातले. (पाणी चांगलं तापलं होतं.)

त्या शनिवारी आक्का शहापुरात साड्या घ्यायला आलती. दुपारी आमच्याकडं जेवून, यादी घेऊन, तीनच्या बसनं निपाणीला जाणार होती. छापखानेवाला संध्याकाळी मजकूर घेणार होता आणि सोमवारी पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची होती.

मी साडेअकराला कॉम्प्युटर लावला. पासवर्ड टाकला. चालला नाही. मोठं अक्षर बदललं, आकडा मागं घेतला, चिन्ह पुढं आणलं. सगळ्याला नकारच.

बायको सुनंदा भाजी निवडत होती. "काय झालं?"

"कॉम्प्युटर बिघडलाय."

ती येऊन बघून गेली. "पासवर्ड विसरलाय व्हय?"

"विसरलो न्हाय. आठवंना झालाय."

"लिहून ठेवला न्हाय?"

"लिहायचा नसतो."

"मग लक्षात तरी ठेवायचा असतो की."

मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. आमच्या जुन्या यंत्रावर मुलीनं, म्हणजे मेघानं, दिवाळीत लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली होती. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, त्यातलं मला न्हाय जमत. पुसून टाकून नवीन घालून देतो. आत काय महत्त्वाचं हाय काय?"

"पाव्हणे हाईत," असं म्हणून मी फोन ठेवला.

एवढ्यात आक्का आली. दोन्ही हातांत साड्यांच्या पिशव्या. पाणी प्याली आणि म्हणाली, "दत्ता, यादी दे आधी. पिशवीत ठेवते, न्हायतर विसरंल."

"जेव आधी," मी म्हटलं. "यादी कुठं पळून जात्या?"

आक्का हातपाय धुऊन आतल्या खोलीत जरा पडली, तेवढ्यात मी पुण्याला मेघाला फोन लावला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिचं हे मला आवडलं.

"बाबा, यादी कुठं जात नाही. बंद करून चालू करा, आणि चालू होताना शिफ्ट दाबून धरा."

तीनदा केलं. पहिल्यांदा उशिरा दाबलं, दुसऱ्यांदा लवकर सोडलं, तिसऱ्यांदा भलतंच बटण दाबलं. चौथ्यांदा सुनंदानं मला न विचारता शिफ्टवर बोट ठेवलं आणि पडद्यावर एक यादी आली. पाव्हण्यांची नव्हे. मेघानं सांगितलं तसं त्यातलं 'रिकव्हरी' निवडलं, मग 'रूट', आणि पडदा काळा झाला.

"आता मी सांगते ते लिहा. माउंट, स्पेस, डॅश, ओ, स्पेस..."

मी लिहिलं. कॉम्प्युटरनं ओळखच दाखवली नाही.

सुनंदा मागून वाचत होती. "अहो, तुम्ही 'स्पेस' हा शब्दच लिहिलाय. नुसती जागा सोडायची."

"ती स्पेस म्हणाली."

"बाबा," फोनमधून मेघा म्हणाली, "आईला बसवा."

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. सुनंदा तीस वर्षं एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही. तरी घरातल्या कॉम्प्युटरला मी तिला हात लावू देत नव्हतो. काहीतरी बिघडवेल म्हणून.

ती बसली. मेघा सांगत गेली आणि हिची बोटं तिचं वाक्य संपायच्या आत टायप करून मोकळी होत होती. एकही चूक नाही. मी मागं उभा राहून फोन धरला. तेवढं काम मला जमत होतं.

"आता पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी," मेघा म्हणाली.

"वर्डमधला ओ आर कुठं गेला?" मी विचारलं.

"तसंच असतं बाबा."

"माझ्या वर्गात एक मार्क कापला असता."

"पुढं खात्याचं नाव लागतंय. आई, आधी होम फोल्डरमध्ये काय दिसतं ते बघ." आणि कसं बघायचं ते तिनं सांगितलं.

सुनंदानं टायप केलं, चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचलं, "एच ए टी टी आय. हट्टी."



"बाबा, ते मी गमतीनं ठेवलं होतं."

आक्का आता दारात उभी होती. "नाव बरोबर हाय," ती म्हणाली. "ल्हानपणापास्नं हाय. पण यादी कुठं हाय?"

मग सांगावंच लागलं. आक्का रागावली नाही. शांतपणे खुर्ची ओढून बसली. ते जास्त अवघड होतं.

सुनंदानं नवा पासवर्ड टाकायला घेतला. पडद्यावर काहीच उमटेना. ठिपकासुद्धा नाही.

"काही दिसंना गं," मी म्हटलं.

"दिसत नाही, पण जातंय," मेघा म्हणाली. "पुन्हा एकदा तोच टाका."

सुनंदानं टाकला. बदल झाल्याचं इंग्रजीत आलं. पुन्हा चालू केलं, नवा पासवर्ड टाकला आणि आमचं नेहमीचं निळं चित्र दिसलं. मी श्वास सोडतोय तोवर वर एक चौकट आली : जुना पासवर्ड सांगा. मी ती मेघाला वाचून दाखवली.

"कॅन्सल करा," मेघा म्हणाली. केलं. चौकट गेली, यादी उघडली, छापलीही.

आक्कानं चार पानं जेवताना वाचली. चुलते, आत्या, चिक्कोडीचे काका, सगळे जिथल्या तिथं. "लई बेस झालंय," म्हणाली आणि पावणेतीनला रिक्षात बसली.

आठ दिवसांत पत्रिका सगळीकडं पोचल्या. कुणी रुसलं नाही, कुणाचा फोन नाही. मी जरा ऐटीतच होतो. मग आक्काचा फोन आला.

"दत्ता, एक नाव राहिलंय रं."

"कुणाचं? मी दहादा तपासलंय."

"मामाचं."

पत्रिका काढून बघितली. वरपासून खालपर्यंत, मराठीत आणि कन्नडमध्येही. माझं नाव खरंच नव्हतं. आता दोन्ही घराण्यांत रुसायचा हक्क असलेला पाव्हणा मी एकटाच आहे, आणि यादीही मीच केलेली असल्यामुळं नेमकं कुणावर रुसायचं, ते अजून ठरवता आलेलं नाही.