दुसरी कॅसेट आधी

मी गाव सोडलं त्या दिवशी वारंगा फाट्यावर नांदेडची एसटी अर्धा घंटा लेट होती, म्हून निरोपाचं सगळं बोलणं गाडीच्या आधीच सरून गेलं. माय रडून मोकळी होऊन दगडावर बसली होती. आबा, म्हंजे माझा बाप, रस्त्याकडं पाहत उभा. गाडी आली तवा त्यानं भाकरीचं गठुडं खिडकीतून माझ्या मांडीवर ठिवलं अन् येवढंच म्हणला, "मागं पाहू नको. गरगरतंय."

मला गाडी लागते हे सगळ्या फाट्याला ठाऊक. औंढ्याला जाताना मी एकडाव पुढच्या सीटवरच्या पाव्हण्याची पिशवी खराब केलती. म्हून मी आबाचं ऐकलं. डोळे मिटले, मान पुढं ठिवली, ते थेट नांदेडला उघडले. पण गाडी हालता हालता मायचा आवाज कानात आला, "पिच्चरमधल्या पोरासारखं कर रे बाबा!"

ते पिच्चरमधलं पोरगं काय करतंय ते सांगतो. आधी एक कबूल करतो, मला लिहिता येत न्हाई. दुसरीत मास्तरनं वर्गाबाहेर उभं केलं, तो मी अजून आत गेलो न्हाई. मी बोलून राहिलो अन् माझी पोरगी लिहून राहिली. ती मधीच शुद्ध कराया पाहते, मी हात धरतो. फाट्यावर जे राहिले त्यांनी हे कोणाकून तरी वाचून घ्यावं. माझ्यासारखे पुण्याकडं आले त्यांनी बी.

फाट्यावर मामूचा व्हिडिओ हॉल होता. हॉल म्हंजे पत्र्याचं शेड, एक टीव्ही, एक व्हीसीआर, खाली गोणपाट. एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असंल. मामूनं नांदेडहून खोकंभर जपानी कॅसेटा आणल्या, कराटेच्या म्हून. पिच्चर जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं पळायची. फाट्यावर इंग्रजी वाचणारे दोघं, अन् दोघांना बी गोणपाटावर बसायची लाज वाटायची. म्हून मामूनं मला ठिवलं. हॉल झाडायचा, कॅसेट ढकलायची, अन् हातात काडी घेऊन टीव्हीपाशी उभं राहून माणसं काय बोलून राहिली ते सांगायचं. मला जपानी येत न्हाई हे मामूला ठाऊक होतं. मलाच ठाऊक नव्हतं.

कराटेचं सोपं. तिथं सगळे एकच बोलतात, तू माझ्या गुरूला मारलं, आता तुला सोडत न्हाई. फाट्यानं माझं नाव जपान्या पाडलं अन् मी बी ते मिरवलं.

मंग एक दिवस खोक्यातून छत्र्याचा पिच्चर निंघाला. कागदाच्या छत्र्या करणारा बाप, त्याची बायको, त्याचं एक पोरगं. त्याच्या कॅसेटा दोन. एकीवर एक आडवी रेघ, दुसरीवर दोन. आता हुशार माणूस काय करंल? मी म्हणलं, पोलिसात ज्याच्या बाहीवर फिती जास्त तो पुढं चालतो. दोन रेघावाली आधी लावली.

पोरगं शहरात, कारखान्यात. इकडं घरी बायको मेलेली, बाप एकटा, केस पांढरे, छत्र्या चिकटवून राहिला. मंग बाप बी मेला. पोरगं आलं तवा घर बंद. दारातलं झाड नारंगी फळांनी लदलेलं, तोडायला कोणी न्हाई, टपटप खाली पडून राहिली. कॅसेट सरली.

मी एक रेघावाली लावली. तर बाप चटईवर बसून जेवून राहिला! बायको बी जित्ती. पोरगं बाजूला. हॉलमधी एकच गलका. मागून मामू वरडला, "अबे, मुर्दा खाना खा रहा है!"

मला घाम फुटला. तोंडातून निंघून गेलं, "सपन होतं ते! पोराला शहरात सपन पडलं, मायबाप मेले म्हून. दचकून उठलं अन् पळत घरी आलं!"

"असं म्हण ना मंग," हॉल म्हणला अन् गप बसला. हिंदी पिच्चरवाल्यांनी सपनाची सवय लावून ठिवली होती, माझं फावलं.

शेवटी तिघं जेवतात, हसतात. सकाळी बाप भाताचे गोळे फडक्यात बांधून पोराच्या हातात देतो, काहीतरी बोलतो, अन् कॅसेट सरते. मी बापाच्या तोंडी घातलं, "दुपारच्याला ये रे, ऊन लई हाय." म्हंजे पोरगं घरीच राहिलं, शेतात चाललं. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

तो पिच्चर लई दिवस चालला. बायांसाठी दुपारचा खेळ ठिवला, माय चारदा आली. कराटे मागं पडलं. गंगारामच्या चहाच्या टपरीवर रोज तोच विषय.

"चूक पोराची हाय. गेलंच काहून?"

"गेलं म्हून तं सपन पडलं. घरी घोरत पडलेल्याला काय सपन पडतंय?"

"त्या बापानं एकदा तरी म्हणाया पायजे होतं, थांब म्हून."

"जपान्या," गंगाराम म्हणायचा, "माझं पोरगं सुरतेला हाय. त्याला सपन पडायची काही सोय हाय का?"

आबा एकदाच पिच्चरला आला. डोंगरकड्याच्या बागांमधी त्याची तीस वर्षं गेलती, केळी, मोसंबी, कलमं बांधणं. बाहेर आल्यावर त्यानं येवढंच इचारलं, "ते दारातलं झाड कोणचं रं?"

म्या म्हणलं, "टमाट्याचं."

"टमाट्याचं? येवढं?"

"जपानात असतंय."

आबानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "असंल," म्हणला अन् चालाया लागला.

मायनं मातर त्या पिच्चरचा कायदा करून टाकला. पोरगं जातंय, बाप गेल्याचं सपन पडतंय, पोरगं घरी येतंय अन् राहतंय. पुढं घरोघरी टीव्ही आले, मामूच्या शेडात खताच्या गोण्या लागल्या, मी पुण्याला निंघालो, तवा तिला काळजी नव्हती.

पुण्यात मला काम लागलं ते बी जपानीचंच. जपानी शिकवायचा एक क्लास होता, तिथं शिपाई पायजे होता. मॅडमनं गंमत म्हून इचारलं, "जपानी येतं का?" मी म्हणलं, "व्हय." लई हसल्या. चहा कराया ठिवून घेतलं.

तिथं रविवारी जपानी पिच्चर अन् मालिका पाहणारी धा-बारा माणसं जमायची. पाहून झालं का बोलायची. फाट्यावरच्यासारखंच, फक्त आवाज बारीक अन् बिस्किटं जास्त. एकदा एका मालिकेतल्या बाईवर घंटाभर चाललं. "ती नाही म्हणतच नाही हो, नुसता कप खाली ठेवते," एक बाई म्हणल्या. दाढीवाले सर म्हणले, "त्या कप ठेवण्यातच सगळं आलं." मी ट्रे घेऊन उभा. म्हणलं, "आमची माय कप आपटते. समजाया सोपं जातं." त्या दिवसापासून मला बी खुर्ची मिळाली.

घरी जाणं मातर कमी होत गेलं. सुट्टी न्हाई, गाडीला गर्दी, पोरीची शाळा. तीन दिवाळ्या गेलो न्हाई. गंगारामच्या टपरीवर फोन बसला होता, त्याच्यावर माय बोलायची. हवापाणी न्हाई, जेवला का ते न्हाई, पहिलं तेच, "सपन पडलं का?"

"न्हाई."

"मंग बरं हाय." आबाचा खोकला मागून ऐकू यायचा, पण सपन न्हाई म्हंजे आबा धड हाय, असा आमचा तिघांचा हिशेब.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास एका रविवारी मॅडमनं माझ्या हातात दोन सीड्या दिल्या. वर चित्र, कागदाची छत्री, अन् त्याच रेघा. माझे कान गरम झाले. मी लगेच दोन रेघावाली लावली.

"अहो, ही दुसरी आहे, जपानीत दोन रेघा म्हणजे दोन," मॅडम म्हणल्या.

"व्हय. म्हून तं आधी लावली."

सगळे हसले. मी त्यांना समजावून बी सांगितलं का जपानात असंच असतंय. त्यांनी सीडी बदलली. मी मनात म्हणलं, पाहा उलटा पिच्चर, मला काय.

जेवण आलं. भाताचे गोळे आले. बापानं फडकं बांधलं, बोलला. मला वाचता येत न्हाई म्हून मॅडम खालची अक्षरं हळूच सांगायच्या. त्या म्हणल्या, "तो म्हणतोय, मागं वळून बघू नकोस."

ते पोरगं शेतात चाललं नव्हतं. स्टेशनावर चाललं होतं.

मंग दुसरी लागली. ती तर मला पाठ. घर बंद, फळं टपटप. दिवे लागले, माणसं उठली. मी उठलो न्हाई. म्हणलं, अजून एक असंल.

मंग मीच सांगितलं त्यांना, आमच्याकडं कसा दाखवला ते. दाढीवाले सर म्हणले, "हा तर पूर्ण स्वतंत्र अन्वयार्थ झाला." मी म्हणलं, "न्हाई सर, फितीत घोटाळा झाला." मॅडम हसल्या न्हाईत. "वडील कसे आहेत तुमचे?" त्यांनी इचारलं. मी म्हणलं, "बरे हायेत, केस काळे हायेत अजून." अन् दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितली.

आता पुढचं दोन तुकड्यात हाय. मी आमच्या पद्धतीनं दुसरा आधी लावतो.

आबा गेला तवा मी पोचलो न्हाई. ती सुट्टी घेऊन गेलो त्याच्या दोन वरसानं. गंगारामचा फोन आला, मी निंघालो, परभणीच्या अलीकडं गाडी बिघडली. पोचलो तवा सगळं आटपून माणसं चहा पिऊन राहिली होती. सपन काही पडलं नव्हतं. पिच्चर बराबर होता, मीच उलटा दाखवला होता. येवढंच.

आता पहिला.

मी सुट्टी घेऊन पोचलो तवा आबा दारात मिरच्या निवडत बसला होता. केस सगळे पांढरे. मी पिशवी बी खाली ठिवली न्हाई. म्हणलं, "आबा, ते सपन नव्हतं."

"ठाऊक हाय," आबा म्हणला.

"कवापासून?"

"तवापासून. झाड आधी येवढं मोठं अन् मागून येवढंसं, असं कुठं असतंय? तीस वर्षं काय केळीला सलाम करून राहिलो का मी?" एक मिरची त्यानं उचलून पाहिली. "अन् ते टमाट्याचं न्हाई."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"तुझ्या मायला तसाच आवडला होता." मिरची टोपल्यात टाकली. "अन् तू तितका वेळ काडी घेऊन उभा. घामानं सदरा भिजलेला."

माय आतून आली. शेजारच्या दोघी बाया संगं. मी पुण्याहून आलो म्हंजे सपन पडलंच असंल, हे तिनं धरूनच ठिवलं होतं. "सांग रे तो पिच्चर," म्हणली, "ह्यांनी पाहिला न्हाई."

मी आबाकडं पाहिलं. तो मिरच्याकडं. मंग मी सांगितलं. कारखाना, छत्र्या, बंद घर, टमाट्याचं झाड. फळं पडून राहिली तिथं मी येऊन अडलो. बाया पदर लावून बसल्या.

तवा आबाच मान वर न करता म्हणला, "हां. आता उठलं पोरगं. पुढं सांग."

मी पुढं सांगितलं. ऊन लई हाय म्हून बाप म्हणतो तिथपर्यंत.

घर म्हंजे काय असं मला कोणी इचारलं तर मी तीच दुपार सांगतो. भिंती पडल्या हायेत, माय आता माझ्यापाशी पुण्यात हाय, अन् मालिका पाहताना कप आपटते.

दोन दिवसांनी फाट्यावर गाडी आली. आबानं गठुडं मांडीवर ठिवलं. ह्या डावाला तो काही बोलला न्हाई. मी खिडकीतून मान काढून मागं पाहिलं. तो बारका होईस्तोर पाहिलं.

आबा बराबर म्हणला होता. डोंगरकडा यायच्या आत गरगरलं, अन् मी सगळी भाकर घाण केली.