वकिलाच्या दाराची कडी

माझं आणि माझ्या जावेचं कधी पटलं नाही. पाण्याच्या हंड्यावरून आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्यात, आणि दुसऱ्या दिवशी जळगावच्या जिनात, रुई-सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मांडीला मांडी लावून कापूसही निवडलाय. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बाया पदरातून रुई चोरून नेतात असा मालकाला संशय, म्हणून काम सुरू झालं की आमच्या शेडला बाहेरून कुलूप पडायचं. किल्ली मुकादमाच्या कमरेला.

एका दुपारी सरकी काढायच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि रुई पेटली. आम्ही पत्र्याच्या दारावर धडका दिल्या, एकमेकींना तुडवलं. मुकादम जेवायला गेला होता. हमालांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं तेव्हा जाऊ दारापाशीच पडलेली होती, जळून. ती गेल्यावर मला कळलं की मनापासून भांडावं असं दुसरं माणूसच मला नव्हतं.

मालकानं नवे पत्रे ठोकले आणि कुलूपही नवं आणलं. जाब विचारायला गेलेल्या बायांना मुकादमानं फाटकातच काठीनं झोडपलं, एकीचा उजवा हात मोडला. सोमवारी जिन सुरू होणार होतं आणि पोट काही कोणासाठी थांबत नाही. त्याआधी कुलपाला कोर्टाची मनाई आणायची, म्हणून आम्ही पंधरा-वीस जणी गावातल्या एका नावाजलेल्या वकिलाकडे गेलो.

"आम्हना बठ्ठासना एकच दावा करा, भाऊ," मी सगळ्यांकडे हात करून म्हटलं.

"अशी जत्रा घेऊन दावा होत नसतो," टेबलामागून तो म्हणाला. "जिची तिनं वेगळी तक्रार करा."

"एकली बाई गई ते मार खाई."

तो हसला. "आणि कुलपाचं एवढं काय? आग लागली तर ओरडायचं. कोणीतरी उघडतंच."

माझं डोकं फिरलं. मी बायांना बाहेर ढकललं, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. खिडकीला गज होतेच.

"आते वरडा, साहेब," मी म्हटलं. "कोन्ही तरी उघाडीच."

आधी त्याला गंमत वाटली. मग त्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्याचा कारकून धावत आला आणि त्यानं छत्रीची मूठ माझ्या डोक्यात घातली. मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला. बाकीच्या बाया दाराला पाठी लावून बसल्या. डोक्यातलं रक्त माझ्या डोळ्यात ओघळत होतं. आतून लाथा बसू लागल्या, खुर्ची आपटली, आणि मग तो रडवेल्या आवाजात पाणी मागू लागला. तिथे ना आग होती ना धूर. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

शेवटी हात मोडलेली बाई उठली, "पुरे" म्हणाली आणि डाव्या हातानं तिनंच कडी काढली.

वकील घामानं निथळत बाहेर आला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मीही उधार ठेवली नाही, तिथल्या तिथे परत दिली. कारकून पोलिसांना आणायला निघाला, तर वकिलानंच त्याला थांबवलं. मग तो ओट्यावर बसला आणि बराच वेळ सोललेल्या बोटांकडे बघत राहिला.

"सगळ्यांच्या वतीनं एकीला पुढे नाव द्यावं लागेल," तो म्हणाला. "मालकाची माणसं आधी तिच्याच घरी येतील."

"मन्हं लिखा."

त्यानं मान डोलावली. पण कागद काढायच्या आधी कारकुनाला हाक मारली. "ती कडी उखड."

कारकुनानं पक्कड आणली. खिळे जुने होते, लवकर निघेनात. आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो. जिनाच्या मालकाकडे आम्ही तेवढंच मागत होतो.