मच्छिंद्रमामांच्या तीन झेरॉक्स

जालन्यातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर मंडळी दोन गोष्टी टाळत. एक लिफ्ट, कारण ती मध्येच थांबायची. दुसरं लिफ्टशेजारचं ताहेरा मॅडमचं टेबल, कारण तिथं ताहेरा थांबवायची.

उपचारखर्चाच्या मंजुरीसाठी वर जाणाऱ्या प्रत्येक केसपेपरवर आजाराचा कोड टाकायचा, हे तिचं गेल्या अठरा वर्षांचं काम. ऐकायला किरकोळ, पण कोड चुकला की केस परत आणि पेशंट खाटेवर तसाच. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं तेवढंच ती धरायची, आणि लिहिलेल्याला पुरावा मागायची. "कागद कुठंय?" या दोन शब्दांनी तिनं भल्याभल्यांना जिन्यावरून माघारी पाठवलं होतं. घरी नवरा गयासोद्दीन म्हणायचा, "तुझ्याशी भांडायचं तर आधी कागद गोळा करावे लागतात."

त्या सोमवारी धावड्याचे मच्छिंद्रमामा दाखल झाले. दोन दिवसांपूर्वी कापसात उभ्याउभ्या कोसळले होते. भोकरदनच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि चिठ्ठीत 'हार्ट ब्लॉक' एवढंच लिहून जालन्याला पाठवलं. गावात ब्लॉक म्हटलं की नळी तुंबली असंच धरतात. मामांच्या नळ्या साफ होत्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा ठोक्याचा इशारा वाटेत अडकत होता. थोडा अडकला तर एक कोड, पूर्ण अडकला तर दुसरा. आणि मामांना पेसमेकर बसवायचा तर पूर्ण अडकल्याचा पुरावा हवा होता.

पंचाईत अशी, की मामांचं हृदय जालन्यात आल्यापासून शहाण्यासारखं वागत होतं. इथल्या ईसीजीत फारसं काही सापडेना. हृदयाचे डॉक्टर कल्याण यांनी भोकरदनला फोन लावला. तिकडून सांगितलं, पूर्ण ब्लॉक होता, ईसीजीची पट्टी पेशंटजवळच दिली आहे.

"झालं की मॅडम, टाका कोड," कल्याण डॉक्टर म्हणाले.

"फोन जोडता येत नाही सर. कागद कुठंय?"

मामांची सून दैवशाला हिनं पिशवीतून कागद काढला. चकचकीत, चारी कडा बंद, आणि आतून कोळशासारखा काळा.

"डॉक्टर म्हनले, ह्यो कागद जिवापाड जपा," दैवशाला म्हणाली. "म्हून लॅमिनेशन केल्तं. मशिनीतून निघाला त्यो आसाच निघाला."

ईसीजीचा कागद उष्णतेनं काळा पडतो हे तिला कोण सांगणार? घरात मोलाचं जे जे, त्याचं लॅमिनेशन होतं. ताहेरा रागावू शकली नाही. तिनं स्वतःचा निकाहनामासुद्धा लॅमिनेशन करून ठेवला होता.

भोकरदनच्या मशीनमध्ये जुनं काही साठत नव्हतं. छातीला चोवीस तास लावून ठेवायचं इथलं मशीन बुधवारपर्यंत दुसऱ्याच्या छातीवर. तोवर मामांचा ठोका केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता.

"ताई, तुमीच लिव्हा ना पूर्ण म्हून," दैवशाला म्हणाली. "येका शब्दाचं काम हाय."

"बाई, मी लिहिलं आणि वरून पट्टी मागितली, तर केस परत येईल. मग दुसऱ्यांदा कोणी जल्दी बघतही नाही."

हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला. समोर माणूस बसलाय, त्याची सून हात जोडतेय, आणि आपण कागद मागतोय. पण कागदाशिवाय आपल्या हातात काही नाही हेही तिला बराबर ठाऊक होतं.

दुपारी तिला टेबलावर बसवेना. ती स्वतः वॉर्डात गेली. दैवशाला जेवणाचं फडकं सोडत होती.

"मामा, लॅमिनेशनच्या आधी हा कागद कुणाच्या हातात गेला होता?"

"कुनाच्याच न्हाई. झेरॉक्सवाल्याच्या तेवढा."

"झेरॉक्स काढली होती?"

"काढली की. तीन. कुठं बी जायचं तं तीन लागत्यात."

"मग सकाळपासून बोलला का नाही?"

मामांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "झेरॉक्स कोन मानतंय ताई? रेशनला गेल्तो, म्हनले ओरिजिनल आना. ब्यांकेत गेल्तो, तिथं बी ओरिजिनल. तुमच्या खालच्या खिडकीवर बी तेच म्हनले. मंग उगं कशाला काढायची?"

"कुठं आहेत त्या?"

दैवशालानं खाली पाहिलं. "दोन घरी डब्यात घातल्या. येक ही."

भाकरीवर ठेच्याची पुडी होती. ताहेरानं ठेचा आपल्या हातानं ताटलीत काढला आणि कागद उलगडला. तेलाचा मोठा डाग, मिरचीचं बी चिकटलेलं. पण नाव होतं, तारीख होती, आणि ठोक्यांची रेघ टोकापासून टोकापर्यंत शाबूत होती. झेरॉक्स काळी पडत नाही. ती कागद घेऊन जिना उतरली, लिफ्टची वाट न पाहता.

कल्याण डॉक्टरांनी रेघेवर बोट फिरवलं. वरचे ठोके आपल्या चालीनं, खालचे आपल्या. त्यांनी केसपेपरवर स्वतःच्या हातानं 'पूर्ण ब्लॉक' लिहिलं, पट्टीची तारीख टाकली, सही केली. मग ताहेरानं कोड टाकला, आय चव्वेचाळीस पॉइंट दोन, आणि ठेच्याचा वास येणारा कागद स्कॅन करून जोडला. संध्याकाळी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला.

घरी जायच्या दिवशी मामा लिफ्टशेजारच्या टेबलापाशी आले. पेसमेकरबद्दल मिळालेलं कार्ड खिशात होतं, आणि हातात त्याच्या तीन झेरॉक्स. त्यातली एक त्यांनी ताहेरासमोर ठेवली.

"कार्डाचं लॅमिनेशन केलं न्हाई," ते म्हणाले. "आदी तुमाला इचारतो."

मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि मनगट टेबलावर ठेवलं.

"झेरॉक्सवर इस्वास ठेवला ताई तुमी. आता ओरिजिनल बगा."

अठरा वर्षांत ताहेरानं हजारो हृदयं कागदावर पाहिली होती. एकाचीही नाडी हातात घेतली नव्हती. तिनं मामांच्या मनगटावर बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मिनिटभर मोजलं. बहात्तर. एकही चुकला नाही.

तो आकडा कुठं लिहून ठेवायचा, हे तिला सुचलंच नाही.