सहामाहीत न मिटणारी भेग

"सही कर आणि मोकळा हो," साहेब म्हणाले.

टेबलावर टाइप केलेला दाखला होता. 'सदर शाळा इमारत वापरास धोकादायक असून ती पाडणे आवश्यक आहे.' खाली माझं नाव, माझा हुद्दा आणि सहीपुरती मोकळी जागा. ती इमारत मी तोवर डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

"साहेब, एकदा जाऊन बघतो तरी."

"काय बघणार? हेडबाईंनी स्वतः कळवलंय. सातवीच्या वर्गात, भिंतीला दोन बोटं भेग. उद्या ती भिंत मुलांवर पडली तर आत कोण जाईल? तू की मी?"

"दोघंही," मी म्हणालो. "म्हणून तर बघून येतो."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चार दिवस दिले.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी वर्ध्याला बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. लोक आम्हाला ओव्हरसियरच म्हणत. शाळा देवळीच्या पुढच्या एका मोठ्या गावातली, इंग्रजांच्या काळातली. विटांच्या दीड हात जाड भिंती, वर कौलं. शाळेचं नाव लिहीत नाही. तिचे माजी विद्यार्थी भांडखोर आहेत आणि त्यांना पत्रं लिहायची फार हौस आहे.

ठरलं असं होतं की दिवाळीच्या सुटीत इमारत पाडायची आणि मुलांना चार मैलांवरच्या टिनाच्या शेडमध्ये बसवायचं. नवी इमारत ग्रँट आल्यावर. ग्रँट केव्हा येते ते मला विचारू नका, मी त्याच खात्यात होतो.

पोळा नुकताच झाला होता. लुनाचं चाक चिखलात लडबडवत मी शाळेत पोहोचलो. दक्षिणेच्या अंगाला निलगिरीची उंच झाडं रांगेत होती. एकाला लुना टेकवली आणि सातवीच्या वर्गात गेलो. कोपऱ्यात खिडकीखालून छतापर्यंत भेग. खरंच दोन बोटं. पलीकडचा उजेड दिसत होता. मनात म्हटलं, साहेब बरोबर होते, उगाच शहाणपणा केला.

हेडबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भेग मीच कळवली, कळवणं माझं काम होतं. पण शाळा चार मैल गेली तर माझ्या निम्म्या मुली घरी बसतील. त्यांचे बाप मला तोंडावर सांगून गेलेत."

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात वांग्यांची पिशवी. भाऊराव भोयर. गावाबाहेर भाजीचा मळा, आणि माजी विद्यार्थी मंडळाचे सेक्रेटरी. आल्या आल्या माझ्यावरच तुटून पडले.

"काऊन जी इंजिनेरसाहेब, तुमी आमची शाळा पाडून राह्यले म्हंते?"

"भेग बघा ना, भाऊराव."

"भेग काय बघू? ते भेग मी सातवीत होतो तव्हाची हाय! मी अन् माहा दोस्त सद्या याच कोपऱ्यात बसत होतो. उन्हाळ्यात खुलते, पावसाळ्यात मिटते. तिले काई होत नाई."

इथे थोडं मातीचं सांगायला हवं. आमच्याकडची काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. तिच्यावरच्या भिंती वर्षभर थोड्या वर-खाली होत राहतात. उन्हाळ्यात भेग पडणं आणि पावसाळ्यात मिटणं हे वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या घरात चालतं. अशी भेग धोक्याची नसते. वाढत जाणारी भेग मात्र धोक्याची. म्हणजे प्रश्न एवढाच होता, भेग जुनी की वाढती? आणि त्याचं माप कोणाकडेच नव्हतं.

"तुमचं म्हणणं खरं असेल," मी म्हणालो, "पण साहेबांना कागद लागतो."

"कागद? किती पायजे कागद?" भाऊराव म्हणाले. "थांबा तुमी!"

मंडळाचं एक वार्तापत्र होतं, 'खबरबात'. सायक्लोस्टाईल केलेली चार पानं. कोणाचं लग्न, कोणाचं प्रमोशन, कोण वारलं, कोणाचा मुलगा डॉक्टर झाला, सगळं भाऊराव स्वतः लिहीत. त्या हप्त्यात त्यांनी एकच पान काढलं. वर मोठ्या अक्षरात, 'सातवीच्या वर्गातली भेग कोणाकोणाला आठवते? किती रुंद होती, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी? खरं लिहा. शाळेचा जीव यावर हाये.'

मी साहेबांकडून पंधरा दिवस मागून घेतले. साहेब म्हणाले, "पोस्टकार्डांवर इमारती उभ्या राहात नाहीत, इंगोले." पण दिले.

कार्डं आली, आणि काय सांगू! मी नोकरीत शेकडो रिपोर्ट वाचले, असे मजेदार एकही नाही. या सगळ्या पिढ्यांनी त्या भेगेचा उपयोग एकाच कामासाठी केला होता. परीक्षेत चिठ्ठ्या लपवायला! अमरावतीहून एका रिटायर्ड तहसीलदारांनी लिहिलं होतं, 'वार्षिक परीक्षेत भूगोलाची चिठ्ठी चौघडी करून सहज मावत असे. सहामाहीस मात्र भेग मिटलेली असे. माझे सहामाहीचे गुण कायम कमी, याचे कारण आज प्रथमच लिहून देत आहे.' हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या एका फिटरने चिठ्ठीची जाडीच लिहून पाठवली होती. एका आजीबाईंनी लिहिलं होतं, सहामाहीत लेखणीचं टोकही शिरत नव्हतं.

वार्षिक परीक्षा म्हणजे उन्हाळा. सहामाही म्हणजे पावसाळ्याचा शेवट. आणखी काय पाहिजे? चाळीस वर्षांची मोजमापं होती, तीही कबुलीजबाबासकट. मी कार्डं सालाप्रमाणे लावली आणि सातवीच्याच वर्गात बसून भाऊरावांसमोर वाचू लागलो. म्हातारा नुसता खुलला होता.

"पाह्यलं? म्या काय म्हनलं होतं?"

शेवटची तीन कार्डं मात्र अलीकडच्या मुलांची होती. त्यातलं एक मी दोनदा वाचलं. 'आमच्या वेळी सहामाहीलापण चिठ्ठी जात होती. चिठ्ठी काय, अख्खं गाईड जात होतं.'

मी कार्ड खाली ठेवलं. बाहेर चिखल होता, विहिरी भरल्या होत्या. भेग मिटायला हवी होती, आणि ती समोर दोन बोटं उघडी होती. भाऊरावांचं म्हणणं खरं होतं, पण तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंतच. तेव्हापासून भेग पावसाळ्यात मिटायचं विसरली होती.

"म्हंजे पाडाच लागन?" भाऊराव हळूच म्हणाले.

"म्हणजे मधे काहीतरी झालंय. कोणी इथे नाली वळवली? टाकी बांधली? आठवा."

"काई नाई जी. म्या उन्हाळाभर रोज येतो इथं. झाडाले पानी घालाले."

तरीही मला काही सुचलं नाही. इंजिनिअर म्हणवणारा माणूस! मी 'खबरबात'चे जुने अंक मागितले आणि वऱ्हांड्यात बसून एकेक वाचत गेलो. सात वर्षांपूर्वीच्या एका अंकात पहिल्याच पानावर बातमी होती. 'दिवंगत सभासद व गुरुजनांच्या स्मरणार्थ मंडळाने शाळेच्या दक्षिणेस नऊ निलगिरी लावल्या. सातवीच्या वर्गालगतची पहिली निलगिरी आमचे बालमित्र सदाशिव यांच्या नावे.'

मी मान वर केली. लुना त्याच झाडाला टेकलेली होती. भिंतीपासून आठ फुटांवर. तोंडात मारल्यासारखं झालं. तीन खेपा मी त्याच झाडाखाली उभं राहून चहा प्यायलो होतो.

तरी अंदाजावर लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी दोन मजूर आणून दोन खड्डे खणवले. याला आम्ही ट्रायल पिट म्हणतो. जोत्याजवळ खोल खणून खालची माती पाहायची. उत्तरेच्या खड्ड्यात सहा फुटांवर माती फावड्याला चिकटत होती, मुठीत लाडू वळत होता. दक्षिणेला, त्या झाडापाशी, तेवढ्याच खोलीवर माती कोरडी ठणठणीत, नुसती ढेकळं. आणि अंगठ्याएवढाली मुळं सरळ भिंतीच्या पायाखाली शिरलेली. वरून पडलेला पाऊस निलगिरीने खालच्या खाली पिऊन टाकला होता. माती फुगायलाच तयार नव्हती, तर भेग कशी मिटेल?

भाऊराव खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही. शेतकरी माणूस, माती त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

"म्याच पानी घातलं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात घागरी वाहून वाहून. म्याच शाळा पाडून राह्यलतो, साहेब."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून भिंत सावरत नाही. मी म्हटलं, "झाडं गेली की शाळा वाचेल. इमारत जुनी आहे, झाडं नवी आहेत. उलटं असतं तर झाड तोडल्यावर माती नेहमीपेक्षा जास्त फुगून भिंत उचलली असती. इथे तसं नाही."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

म्हातारा धोतर झटकून उठला.

मंडळाची मीटिंग झाली ती मी पाहिली आहे. नुसता कल्ला. एक म्हणाला, खात्याचा डाव आहे. दुसरा म्हणाला, गुरुजींच्या नावाच्या झाडाला हात लावाल तर खबरदार. भाऊरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नावं आपन झाडाले देल्ली. पन गुरुजींनं शिकवलं कुठं? झाडावर का वर्गात?" तरी कोणाला दुखवायचं नाही म्हणून त्यांनी नऊही घरांना पत्रं लिहिली. आठ घरांची संमती आली. नववं घर सदाशिवचं, म्हणजे भाऊरावांच्या सद्याचं, तिथे आता त्याची बायको होती. तिथून उत्तर नाही. भाऊराव एसटीने स्वतः हिंगणघाटला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परतले.

"काय म्हणाल्या वहिनी?" मी विचारलं.

"लिहिता येत नाई म्हने, म्हून उत्तर नाई देल्लं. मंग म्हने, जितेपनी त्याईनं त्या भितीचा पिच्छा सोडला नाई, मेल्यावरबी सोडून नाई राह्यले. तोडा म्हने." भाऊराव हसले आणि लगेच टोपीने डोळे पुसले.

आता माझी पाळी. मी साहेबांपुढे कार्डं, अंक आणि दोन्ही खड्ड्यांची माती कागदाच्या पुड्यांत ठेवली. त्यांनी दोन्ही पुड्या बोटांनी चोळून पाहिल्या. मग तोच जुना दाखला पुढे सरकवला.

"यावर सही करत नाहीस?"

"नाही साहेब. एक पावसाळा द्या."

"आणि या एका वर्षात काही झालं तर?"

"त्या बाजूचे तीन वर्ग रिकामे ठेवतो. आतून लाकडी बल्ल्यांचे टेकू देतो. दर महिन्याला स्वतः माप घेतो."

"तसं लिहून दे. जबाबदारी तुझी. नोकरी गेली तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

मी लिहून दिलं. घरी बायकोला सांगितलंच नाही.

रीतसर परवानगी काढून दिवाळीच्या सुटीत झाडं तोडली. शाळा पाडायची होती त्याच हप्त्यात. सदाशिवच्या झाडाला पहिली कुऱ्हाड भाऊरावांनी घातली. दुसरी घालवेना, तेव्हा मजुराच्या हातात दिली आणि वर्गात जाऊन आपल्या कोपऱ्यात बसून राहिले.

भेगेच्या दोन बाजूंना मी दोन खिळे ठोकले होते. दोन्हींतलं अंतर फुटपट्टीने मोजायचं, झालं माप. उन्हाळ्यात अंतर थोडं वाढलं आणि माझी झोप उडाली. भाऊराव म्हणत, "वाढनच ना जी, उन्हाळा हाय!" धीर मी त्यांना द्यायचा, तर तेच मला देत होते. जुलैपासून अंतर कमी होऊ लागलं. ऑगस्टमध्ये भेग बोटभर. पोळ्याला लेखणीएवढी. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात साहेब स्वतः जीपने आले. त्यांनी भेगेत पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. कार्डाचा कोपरा दुमडला, आत गेला नाही.

साहेबांनी खिशातून तो दाखला काढला. माझ्या सहीची जागा अजून मोकळीच होती. त्यांनी तो उभा फाडला, आडवा फाडला आणि हेडबाईंना म्हणाले, "कचऱ्याचा डबा कुठे आहे?"

त्या महिन्याच्या 'खबरबात'चा अंक माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर लग्न नाही, प्रमोशन नाही. 'मंडळाने लावलेल्या नऊ निलगिरी मंडळानेच तोडल्या. भिंतीची चूक नव्हती, खात्याची नव्हती, आपली होती. सर्वात जास्त सेक्रेटरीची. शाळा जिथल्या तिथे आहे. मुली येत आहेत. भेग मिटली आहे.'

आणि खाली एक ओळ, कंसात. 'सातवीच्या मुलांनी सहामाहीचा अभ्यास करावा.'

पुढे नोकरीत मी अशा पुष्कळ इमारती तपासल्या. फुटपट्टी, खिळे, फावडं नेहमी बरोबर असायचं. पण वर्गात शिरलो की आधी विचारायचो, इथे मागच्या बाकावर कोण बसायचं?