फक्त कान हवा

विश्रांतवाडीत मी मुलांना गाण्याचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग फुकट शिकवतो. जात, कॉलेज, इंग्रजी यातलं काही विचारत नाही. दारावर मीच लिहिलंय, ‘फक्त कान हवा.’

सगळ्यात मेहनती मुलगा कात्रजहून यायचा. शाळा सुटल्यापासून तो मिरवणुकांमध्ये डीजेच्या स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून मशीन सांभाळत आला होता. तिथे कानात कापूस घालणाऱ्याची टिंगल होते, म्हणून त्याने कधी घातला नाही. ही सगळी वर्षं त्याला आपला अनुभव वाटायची.

पण त्याचं प्रत्येक गाणं कर्कश व्हायचं. झांज सुईसारखी टोचायची. "अहो, आम्हाला ऐकू येतं," मी खवचटपणे म्हणायचो. तरी तो आवाज आणखी धारदार करायचा, आणि मी त्याला हट्टी समजायचो.

शेवटी एकदा सगळ्यांना हेडफोन लावले आणि म्हटलं, सूर ऐकू आला की हात वर करा. मग एक उंच, बारीक सूर लावला. बाकीच्यांचे हात लगेच वर गेले. तो हात खालीच ठेवून माझ्याकडे बघत होता.

"सर, लावा ना," तो म्हणाला.

सूर चालूच होता.