एकनळी की दोननळी

मालगुजाऱ्या, म्हणजे इकडच्या जमीनदाऱ्या, गेल्या आणि सालेकशाकडचं मालगुजाराचं जंगल सरकारात जमा झालं, तेव्हा त्या जंगलाबरोबर माझे यजमानही सरकारात गेले. आधी ते मालगुजाराचे राखणदार होते, आता जंगलखात्याचे नाकेदार झाले. खाकी सदरा आला, पितळी बिल्ला आला, राहायला दोन कौलारू खोल्या मिळाल्या. माझं माहेर गोरेगावकडचं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तिथल्या माझ्या भावांना या नोकरीचं फार कौतुक होतं. सरकारी माणूस म्हणून यजमानांना ते पाटावर बसवायचे.

पुढच्याच वर्षी बांबू तोडताना एक कमची उसळली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. आठ-दहा दिवस डोळा लाल होता. गावातल्या वैदूनं पाला पिळून घातला. लाली गेली, सूज उतरली, डोळा वरून आधीसारखा दिसू लागला. पण त्या डोळ्यानं त्यांना नुसता उजेड कळायचा. समोर माणूस उभा आहे की खांब, ते कळत नव्हतं. ताटातला पेला उचलताना त्यांचा हात दोन बोटं अलीकडे थांबायचा, मग चाचपडत पुढे जायचा.

"साहेबाले सांगा ना," मी म्हणाले.

"सांगून काय होईन? काढून टाकतीन. आंधळ्या नाकेदाराले कोन ठेवते?"

मग आम्ही कोणालाच सांगितलं नाही.

त्यांचं मुख्य काम होतं आगीवर लक्ष ठेवायचं. गावाबाहेरच्या टेकडीवर लाकडी मचाण होतं. होळीपासून पाऊस येईपर्यंत दिवसभर तिथे बसायचं, धूर दिसला की कुठे आहे ते ठरवायचं आणि माणसं घेऊन धावायचं. मी दुपारी भात आणि अंबील घेऊन जायची आणि चांगली दोन तास बसायची. लोकांना वाटे, नवराबायकोचं फार जमतं. खरं तर मी त्यांच्या वतीनं बघायला बसत होते; धूर त्यांना दिसायचा, पण किती लांब आहे ते कळत नव्हतं. "डाव्या हाताले, नाल्याच्या अलीकडं," असं मी सांगायची आणि ते शिट्टी वाजवायचे.

एकदा फाल्गुनात रेंजरसाहेब गोंदियाहून आगगाडीनं आले. त्यांच्या पेटीत दोन दुर्बिणी होत्या, लढाईनंतर लिलावात निघालेल्या. एक दोन नळ्यांची, जड, गळ्यात अडकवायची. दुसरी एकाच नळीची, वीतभर लांब, खिशात मावणारी. एक आमच्या मचाणासाठी आणि एक पलीकडच्या डोंगरावरच्या नाक्यासाठी. साहेबांनी दोघा नाकेदारांना समोर उभं करून समजावलं. एकनळी हलकी, मचाणाच्या शिडीवर चढताना हात मोकळा राहतो. पण तिनं सगळं एका भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं आणि डोळा लवकर थकतो. दोननळी मानेला काचते, पण कोणतं झाड पुढे आणि कोणतं मागे ते कळतं. माझे यजमान जुने, म्हणून निवडायचा पहिला मान त्यांचा. साहेब दोन दिवस मुक्कामाला होते. तोवर दोन्ही वापरून बघा म्हणाले.

तेवढ्यात पलीकडचा नाकेदार हसून म्हणाला, "एकनळी कोनाले? काण्याले!" साहेब हसले, चपराशी हसला. यजमानही हसले. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही दुर्बिणी मचाणावर नेल्या. आधी मी एकनळी लावली. समोरच्या उतारावरची मोहाची झाडं एकदम जवळ आली, फांद्या मोजाव्यात इतकी जवळ, पण सगळी एकमेकांत घुसलेली. मग दोननळी लावली. एक झाड पुढे आलं, त्यामागे मोकळी जागा, मग दुसरं झाड, मग नाला, मग त्यापलीकडचा डोंगर. जणू कोणी ती झाडं उचलून आपापल्या जागी ठेवली.

"बघा तं," मी म्हणाले, "केवढा फरक आहे!"

त्यांनी एक लावली, दुसरी लावली, पुन्हा पहिली लावली. मग दोन्ही मांडीवर ठेवून बसले. "मले दोन्हीतून सारखंच दिसून राहिलं," ते म्हणाले.

मला तेव्हाच उठून, साहेब उतरले होते त्या रेस्टहाउसवर जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी गेले नाही. त्यांनी विचारलं, "काय करू? एकनळी हलकी आहे. माझ्यासाठी तेच ठीक."

"नाही जी," मी म्हणाले, "दोननळीच घ्या. एकनळी घेतली तं लोक काऊन घेतली म्हनून विचारतीन. साहेब डोळ्यात पाहीन."

त्यांनी दोननळी घेतली. निवड त्यांची म्हणून लिहिली गेली, पण ती माझी होती.

दुर्बीण आल्यावर काम सोपं झालं. मी बघायची, ते शिट्टी मारायचे. ते बरोबर ठिकाण सांगतात म्हणून त्यांचं नाव झालं. पहिला उन्हाळा असाच गेला.

दुसऱ्या वर्षी मोहफुलांचे दिवस होते. फुलं वेचायला बाया पहाटेच रानात जात आणि दुपारपर्यंत तिथेच असत. झाडाखालची जागा साफ व्हावी म्हणून कोणी वाळला पाला पेटवतं, तो कधी हाताबाहेर जातो. त्या दिवशी मी भात घेऊन पोचले तर मचाणावर साहेबांचा चपराशी बसला होता. साहेब येणार होते, आणि तो आदल्या गाडीनं निरोप घेऊन आला होता. मी पदर सावरला आणि खाली सावलीत भात वाढू लागले.

चपराशीच ओरडला, "अरे, वो देखो, धुआँ!"

यजमान उठले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. मी खालूनच पाहिलं. मोहाच्या रांगेवर करड्या धुराची बारीक रेघ उभी होती. साध्या डोळ्यांना ती मला जवळची वाटली, नाल्याच्या अलीकडची. जवळच आहे, असं तोंडावर आलं होतं. पण नवऱ्याच्या कामात बायको कशी बोलते, म्हणून चपराशी बघेल. मग तो साहेबाला सांगेल. मी भाताची मूद पानावर ठेवत राहिले.

"पलीकडच्या डोंगरावर आहे," यजमान म्हणाले. "त्या नाक्याचं काम. तो पाहून घेईन."

चपराशानं मान हलवली. गळ्यात दोन नळ्यांची दुर्बीण असलेल्या माणसाचा शब्द होता तो. मी पानं वर नेऊन दिली आणि दोघं मचाणावरच जेवायला बसले. मी समोर उभी होते आणि धूर रुंद होताना बघत होते. अजून एकदा बोलता आलं असतं. तेव्हाही मी बोलले नाही.

जेवण संपायच्या आत आवाज आला, वाळली पानं तडतडण्याचा. मग बायांचा ओरडा. आग आमच्याच उतारावर होती, नाल्याच्या अलीकडे. यजमान शिडी न धरताच उतरले आणि शेवटच्या पायरीवरून पडले. उठून पुन्हा धावले. गावातली माणसं आली, हिरव्या फांद्यांनी झोडपून सांजपर्यंत आग विझवली. बाकी बाया नाल्यात उतरल्या होत्या. आमच्या शेजारची म्हातारी मात्र फुलांची टोपली आणायला मागे फिरली होती. तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले होते.

साहेबांची गाडी तेवढ्यातच आली होती. त्याच गाडीनं म्हातारीला गोंदियाला पाठवता आलं नाही, ती उलट्या दिशेची होती. स्टेशनवर बाजेवर झोपवून वाट बघावी लागली. ती ओरडत नव्हती. "माह्या पायाले पानी घाला," एवढंच म्हणत होती.

चपराशाकडून सगळं ऐकून साहेबांनी फलाटावरच विचारलं, "चूक कशी झाली?"

यजमानांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली. "साहेब, मले उजव्या डोळ्यानं दिसत नाही जी. दोन वर्षं झाली."

साहेबांनी आपला तळहात त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "किती?"

"दिसत नाही जी."

"मग एकनळी का नाही घेतलीस?"

"लोक काणा म्हनले असते."

साहेबांनी हात खाली घेतला. "एकनळी घेतली असतीस तरी अंतर कळलं नसतं," ते म्हणाले. "तू मला सांगायला हवं होतंस. मी तुला तिथे बसवलंच नसतं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "घरी माहीत होतं?"

"नाही जी," यजमान म्हणाले.

मी तिथेच उभी होते. हे खोटं ते माझ्यासाठी बोलले आणि मी ते घेतलं.

नोकरी गेली नाही. साहेबांनी त्यांना लाकडाच्या डेपोवर राखणीला ठेवलं. ज्या भीतीपोटी आम्ही दोन वर्षं लपवलं, ती भीती एका फलाटावरच्या बोलण्यात संपली होती, आणि याचंच मला जास्त वाईट वाटत राहिलं.

महिन्याभरानं म्हातारी दवाखान्यातून घरी आली. तिची सून पोटुशी होती, म्हणून तिच्या पायांना पिवळं मलम लावायला मी रोज जायची. आठवड्यानंतर मला राहवलं नाही. पाय मांडीवर घेऊन मी सांगितलं. त्यांचा डोळा मला माहीत होता, धूर मला जवळचा वाटला होता, चपराशाला लाजून मी गप्प राहिले.

तिनं पाय ओढून घेतले. नव्या कातडीला लागलं असणार, तिचं तोंड वाकडं झालं. "कायले सांगतं मले?" ती म्हणाली. "तुले हलकं वाटावं म्हनून? जाय घरी."

दुसऱ्या दिवशी मी गेले. तिनं पाय पुढे केले, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाऊस लागला, चिखल झाला, धानाच्या लावणीचा रोवणा सुरू झाला. ती काठी घेऊन चालू लागली होती, पण तिच्या पायांना चिखलपाणी चालणार नव्हतं. तिच्या वाट्याची बांधी मी रोवायला घेतली. ती बांधाच्या धुऱ्यावर पोतं पांघरून बसायची आणि नुसती बघायची. कंबर मोडेपर्यंत मी वाकलेली असायची आणि तिची नजर पाठीवर जाणवायची.

रोवण्याच्या चौथ्या दिवशी दुपारी ती बोलली.

"रोप एवढं खोल नको गाडू," ती म्हणाली. "सडून जाईन."

मी रोप उपटलं आणि वर घेऊन पुन्हा लावलं.