मावशीने लपवलेली वांगी

माझी मावशी रफूचं काम करायची. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. कुणाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलेलं, कुणाचा स्वेटर कसरीने खाल्लेला. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि भोक असं भरायची, की मालकालाच विचारावं लागे, नक्की कुठे होतं हो? काम केलेलं दिसता कामा नये, हीच तिच्या कामाची शाबासकी. घरी आल्यावरही तिचं हेच चालायचं. फक्त घरी ती वांगी लपवायची.

मी कॉलेजसाठी तीन वर्षं तिच्याकडे राहिले. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायची गॅलरी. दर बुधवारी संध्याकाळी खाली सायकलची घंटी वाजायची आणि मावशीचे सासरे भलीमोठी कापडी पिशवी घेऊन धापा टाकत जिना चढायचे. मी त्यांना आजोबाच म्हणायचे. वीजखात्यात खांबांवर चढण्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली. मग कालव्याकाठी जमिनीचा एक तुकडा मिळवून त्यांनी त्यात वांगी लावली. दाराशी पिशवी ठेवून म्हणायचे, "सूनबाई, घे गं." पाणी प्यायचे आणि निघायचे. जेवायला कधी थांबले नाहीत.

आता गंमत अशी, की काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, वांगं डोळ्यांसमोर चालत नसे. शिकाऊ कामगार असताना ते वसतिगृहात राहिले होते आणि तिथे चार वर्षं रोज पाणचट उकडलेली वांगी ताटात पडायची. तेव्हापासून वांगं दिसलं की हा माणूस ताटावरून उठलाच. लग्नाला चार दिवस झाले असताना मावशीला हे कळलं, तेही पहिली पिशवी रांधून वाढल्यावर. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाला आमचा साहेब?" नवी नवरी काय सांगणार? म्हणाली, "बोटं चाटत होते!" म्हाताऱ्याने पुढच्या हंगामाला दुप्पट रोपं लावली.

आणि मग अकरा वर्षं ती या एका वाक्यापायी राबली. तेव्हा मला हे सगळं फार विनोदी वाटायचं. आज माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर वांगं धरलं आणि साल तडकल्याचा तो वास आला, की मी एकदम त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

काय काय करायची ती! वांगी आचेवर काळी होईपर्यंत भाजायची, झाकून ठेवायची आणि साल बोटांनी काढायची. पाण्याखाली धरू द्यायची नाही. "धुतलंस तर चव गटारात गेली," म्हणायची. तो गर लसूण, लिंबू आणि तेल घालून इतका घोटायची, की काका पावाला लावून खाताना त्याला दाण्याची चटणी समजत. कोवळ्या वांग्यांच्या चकत्यांना मीठ लावून वर पाट आणि पाटावर तिची जुनी लोखंडी इस्त्री. तासाभराने कडवट पाणी निथळलं, की त्या अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायच्या. काकांना सांगितलेलं, मासा आहे. सोललेलं वांगं बारीक चिरून खिम्यात निम्मं मिसळायचं. "आज खिमा मऊ झालाय हं," असं काका म्हणाले, की मावशी माझ्याकडे न बघता पाणी वाढायची. मी पदार्थाला हसत नव्हते, तिच्या त्या चेहऱ्याला हसत होते.

उरलेल्यांचीही सोय होती. जून, बियाळ वांग्यांच्या बिया चमच्याने खरवडून गर बटाट्याच्या सारणात. लहान वांगी सोलून, उकडून, लसूण भरून व्हिनेगरच्या बरणीत. त्यातूनही उरली तर चकत्या सुईदोऱ्यात ओवून गॅलरीत मोज्यांशेजारी वाळत. काकांनी एकदा विचारलं, "हे काय?" मावशी म्हणाली, "मशरूम." साल मात्र कुठे दिसायचं नाही. सालं वर्तमानपत्रात गुंडाळून ती कामावर जाताना रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायची. इतका चोख कारभार!

मी एकदा तिला म्हटलं, "सांगून टाक ना आजोबांना." तिने सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. "सासूबाई गेल्यावर दोन महिने ते पलंगावरून उठले नव्हते. त्या वांग्यांनी उठवलंय त्यांना. मुलगा खात नाही कळलं तर पुन्हा झोपतील."

हे ऐकूनही मी जे केलं ते केलंच. माझ्या जिभेला हाड नाही, घरचे सगळेच सांगतात.

तिसऱ्या वर्षी आजोबांचे गुडघे सुजले आणि त्या एका बुधवारी पिशवी आणायला मावशीने मला पाठवलं. कालव्याच्या पाण्याने ओली झालेली ती जमीन, काठ्यांना बांधलेली झाडं, चकाकणारी जांभळी वांगी. आजोबा उलट्या बादलीवर बसले होते. एकटा माणूस बोलायला आसुसलेला. त्यांनी विचारलं, "काय गं, आमच्या साहेबाला सगळ्यात काय आवडतं?" मी मावशीचं कौतुक सांगायला गेले. खिमा सांगितला, मासा सांगितला, मशरूम सांगितलं. रंगात आले आणि म्हटलं, "मावशीच्या हाताची कमाल आहे आजोबा, वांगं खातोय हे काकांना अजून कळलेलं नाही!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी हातातली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "असं होय." पिशवी भरून दिली. पुढच्या बुधवारी घंटी वाजली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मावशी प्रत्येक सायकलच्या आवाजाला गॅलरीत जाऊन खाली बघायची. शेवटी मी रडत रडत सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या तोंडाला एक टाका घालायला हवा होता मी," आणि चप्पल घालून निघाली. मी मागोमाग.

आजोबा झाडं उपटत होते. अर्धा वाफा मोकळा झाला होता. उपटलेली झाडं फळांसकट बांधावर पडली होती. मावशीला बघून ते थांबले नाहीत. "टोमॅटो लावतो," म्हणाले. "टोमॅटो खातो ना तो? का त्याचंही काही करावं लागतं तुला?"

"बाबा, ऐका तरी."

"अकरा वर्षं, सूनबाई. अकरा वर्षं मी तुझ्या डोक्यावर ओझं आणून टाकत होतो आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. वेडा ठरवलंस मला."

"ओझं नव्हतं."

"मग काय होतं?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. एरवी ती शब्द मोजून वापरायची. त्या दिवशी सगळं एकदम आलं. "मी या घरात आल्यापासून लोक माझ्याकडे फाटलेलं घेऊन येतात, बाबा. दुकानात तेच, शेजारीपाजारी तेच, यांचे शर्ट, हिचे ड्रेस. माझ्या हातात चांगलं, भरलेलं काही आणून देणारे तुम्ही एकटे. 'सूनबाई, घे गं' म्हणायचात. बुधवारची वाट बघायची मी. यांना नाही आवडत तर नाही आवडत. मी यांच्यासाठी लपवत होते, पण घेत होते ती माझ्यासाठी."

आजोबांच्या हातात एक झाड होतं, मुळांची माती गळत होती. ते तसंच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला आवडतात?"

"हो."

"कशी आवडतात?"

मावशीने बोलायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं आठवतेय. खिमा म्हणेल, लसणाची म्हणेल. अकरा वर्षं रोज ती त्या वांग्याची चव मारत आली होती आणि मारलेलीच चव आमच्याबरोबर बसून खात आली होती. मी हे तिन्ही वर्षं बघितलं होतं आणि हसले होते.

"माहीत नाही हो बाबा," ती म्हणाली, आणि त्या ओल्या बांधावर बसून लहान मुलीसारखी रडायला लागली.

आजोबांनी तिला रडू दिलं. सुजलेले गुडघे धरून ते हळूहळू खाली बसले आणि उपटलेल्या झाडांवरची वांगी एकेक खुडून तिच्या ओच्यात ठेवू लागले. आठ-दहा झाल्यावर थांबले. उरलेल्या अर्ध्या वाफ्याकडे एकदा बघितलं.

"सालासकट कर," ते म्हणाले. "करून बघ. बुधवारी येतो मी जेवायला. तेव्हा सांग."